जूनचा हजेरीपट आणि पोरांचा ताप

आमच्या शाळेचा जूनचा हजेरीपट दर वर्षी सारखाच दिसतो. पहिला आठवडा भरगच्च. दुसऱ्या आठवड्यात एखाददुसरा लाल 'गै'. तिसऱ्या आठवड्यात पानाला गोवर आल्यासारखे लाल ठिपके. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. सकाळी दारात उभी राहिले की आया एकच गोष्ट सांगतात, "बाई, भुरग्याक जोर आयला. काल पावसांत भिजलो." जोर म्हणजे ताप. फळ्यावर मराठी आणि दारात कोकणी, असंच चालतं आमच्याकडे.

एका वर्षी मी सहज हजेरीपटाच्या मागच्या पानावर कोण कुठल्या बाकावर बसतं ते लिहून ठेवलं. शाळा सुटताना धो धो पाऊस आला आणि अख्खा वर्ग चिंब झाला. दुसऱ्या दिवशी सगळे हजर! पुढच्या आठवड्यात खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आली नाही. दोन दिवसांनी तिच्या शेजारचा. आणखी दोन दिवसांनी पुढच्या बाकावरचे दोघे. पावसानेच पाडायचं असतं तर तीसच्या तीस पोरं एकदम अंथरुणाला लागली असती. आजार बाकाबाकाने सरकत होता.

साध्या सर्दीला कारण होणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. नाक पुसलेल्या हातावरून, खोकल्याच्या तुषारांतून, एकमेकांच्या पाण्याच्या बाटलीवरून ते फिरतात आणि आत शिरले की साधारण एक ते तीन दिवसांत नाक गळायला लागतं. मग पावसाचा दोष काय? झड आत येते म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो. बंद खोली, दाटीने बसलेली पोरं, कोपऱ्यात ठिबकणारे रेनकोट. विषाणूंची तर चवथच, म्हणजे गणपतीचा सणच ती.

भिजून सर्दी होते की नाही, हे लोकांनी प्रयोग करून पाहिलं आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ पासून सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना अंघोळीनंतर ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभं केलं, तरी त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. पुढे २००५ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी काही जणांना वीस मिनिटं पाय गार पाण्यात ठेवायला लावलं, तर पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यात सर्दीची लक्षणं जास्त दिसली. गारव्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच आत दबा धरून बसलेल्या विषाणूला मोकळं रान मिळतं, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे टॉवेल घेऊन दारात उभी राहणारी आजी अगदीच चुकीची नाही. पोराला पावसात खेळू द्यावं. घरी आल्यावर डोकं पुसावं, कपडे बदलावेत, हात साबणाने धुवायला लावावेत. तिन्हीतलं हात धुणंच नेमकं राहून जातं. आणि चार महिने पोराला घरात कोंडून मोबाइल हातात दिला तर त्याची झोप बिघडते, भूक मरते, चिडचिड वाढते, हे मी वर्गात रोज पाहते.

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. त्यातल्या बऱ्याचशा पावसाळ्यात येतात, एकेक सर्दी सात ते दहा दिवस राहते आणि खोकला त्याच्याही मागे रेंगाळतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पोर सतत आजारीच आहे असं वाटतं. लगेच 'प्रतिकारशक्ती' वाढवणारी पावडर आणायची गरज नसते. प्रतिकारशक्ती त्या सर्द्यांमधूनच शिकत असते. वजन वाढतंय, सर्दी उतरली की पोर पुन्हा अंगणात पळतंय, तर चिंता नको.

चिंता कधी करायची, याचं उत्तर श्वासात आहे. आमच्या गावच्या आरोग्यसेविकेने मला हे शिकवलं. पोर झोपलेलं किंवा शांत असताना सदरा वर करायचा. मांडीवर घेतलं तरी चालेल, पण ते रडत नसावं. पोट एकदा वर गेलं आणि खाली आलं की एक श्वास. घड्याळ लावून पुरता एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान मुलं मध्येच थांबतात आणि मध्येच भराभर घेतात. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. श्वास घेताना छातीच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, म्हणजे आमच्या आज्या म्हणतात तसं पोर 'फासळ्या ओढत' असेल, तर आकडा कितीही असो, आधी दवाखाना. बाळ पाजायला घेतलं तरी ओढत नाही, ओठ निळसर दिसतात, पोर हाक मारूनही नीट जागं होत नाही, अशा वेळी १०८ ला फोन करायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी घरी थांबायचं नाही.

खोकल्याच्या औषधाबद्दल माझं मत कडक आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा लागत नाहीत. औषध शुद्ध असलं तरी लहानग्यांच्या खोकल्यावर त्याचा उपयोग फारसा नसतोच. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्यावा. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार मिळणारे थेंब घालावेत. आणि खोबरेल तेलात कापूर घालून तान्ह्याच्या छातीला चोळायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, ती सोडावी. कापूर अंगात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात.

तापाच्या औषधाचा घोळ वेगळाच. पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत सहा तासांचं अंतर. बारा किलोच्या पोराला १२० ते १८० मिलिग्रॅम. घरात मात्र 'एक चमचा' हेच माप असतं. एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतात, तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत २५० आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १००. तोच चमचा, तेच पोर, औषध दुप्पट किंवा चौपट! डॉक्टरांकडून मिलिलिटर लिहून घ्यावेत आणि बाटलीसोबत येणारं मापच वापरावं. ताप १०० आहे की १०२, याने मी फार घाबरत नाही. औषधाने थोडा उतरल्यावर पोर पाणी पितंय का, खेळण्याकडे बघतंय का, मला ते बघायचं असतं.

ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. एका तापात मात्र तिथेच फसायला होतं.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला. तीन दिवस तापाने फणफणली होती. चौथ्या दिवशी सकाळी अंग गार. तिने पातळ भाजी-पाव मागितला, मीही आनंदाने आणायला धावले. संध्याकाळी ती पोट धरून बसली, दोन उलट्या झाल्या, पाय गार पडले. आणि मग माझ्या लक्षात आलं की दुपारपासून ती लघवीलाच गेलेली नाही. रात्री सलाईन लागलं. दोन दिवसांनी बरी झाली, पण ती दुपार मी हातची घालवली होती.

डेंग्यूत धोक्याचा काळ सहसा ताप उतरायच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो. बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि रक्तातला पाण्याचा भाग बाहेर झिरपतो. उरतं ते दाट रक्त, आणि दाब खाली जातो. हे झिरपणं साधारण एक-दोन दिवस चालतं. तेवढा काळ योग्य प्रमाणात पाणी किंवा सलाईन देऊन निभावून नेणं, हाच मुख्य उपचार. आपण सगळे मात्र 'प्लेटलेट किती?' एवढंच विचारत बसतो. डॉक्टरांचं लक्ष रक्त किती दाट झालंय त्याकडेही असतं, कारण बिघाड तिथे दिसतो. तेव्हा ताप उतरल्यावर दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं. सतत उलट्या, पोटात जोराची कळ, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, विचित्र मरगळ किंवा अस्वस्थपणा, पाच-सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय. तापात आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांचा रस पाजण्यात वेळ घालवू नये. त्या कडू रसाने उलटी होते आणि प्यायलेलं पाणीही बाहेर पडतं.

डेंग्यू पसरवणारा डास अंगावर पांढरे पट्टे मिरवतो आणि दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. म्हणजे पोर मच्छरदाणीत नसतं तेव्हा. आखूड पँट आणि स्कर्ट घालून ती शाळेत बसलेली असतात. पावसात तरी पूर्ण पँट चालू द्या, असं मी पालकसभेत दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी गणवेशाचा विषय पुढच्या सभेवर जातो.

या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला ती चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी कोरडीठाक होऊन कित्येक महिने जिवंत राहतात. जूनचा पहिला पाऊस पडून पाणी त्या रेषेपर्यंत चढलं की फुटतात, आणि सात-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून पिंपातलं पाणी नुसतं ओतून भागत नाही, भिंत काथ्याने घासावी लागते. आणि म्हणूनच हे काम आठवड्यातून एकदा करायचं असतं, डास उडायच्या आत. गोव्यात जागांना तोटा नाही. माडाखालच्या करवंट्या, पोफळीची गळलेली झापं, रबराच्या बागेतल्या वाट्या, कुंड्यांखालच्या बशा, छपरावर ताडपत्री दाबायला टाकलेले टायर, फ्रिजमागचा ट्रे. आमच्या शाळेत अळ्या सापडल्या त्या छपराच्या पन्हळीत. पाला अडकून पाणी तुंबलं होतं आणि आम्ही सगळे खाली अंगणात शोधत होतो.

जुलाबाचा त्रासही पावसातच वाढतो, कारण विहिरीत वरचं घाण पाणी झिरपतं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलेलं पाणी सगळ्यांत भरवशाचं. पोराला जुलाब लागले तर मात्र पहिलं काम जुलाब थांबवायचं नाही, गेलेलं पाणी भरून काढायचं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या मिश्रणाचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्याच्या भिंतीत मीठ आणि ग्लुकोज यांना मिळून आत घेणारी एक वाट असते, जुलाबातही ती सहसा चालू राहते. ती दोघं आत गेली की पाणी त्यांच्यामागून जातं.

प्रमाण बिघडलं की मात्र गाडी उलटी फिरते. साखर जास्त झाली तर आतडंच उलट पाणी बाहेर ओढतं आणि जुलाब वाढतात. दुकानातली गोड फळपेयं ओआरएसच्या, म्हणजे या मीठ-साखरेच्या पाण्याच्या नावाने खपायची ती म्हणूनच घातक होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर 'ओआरएस' छापायला मनाई केली. आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी पावडरची पुडी घ्यावी, आणि पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात सबंध कालवावी. मोठ्या पुडीला एक लिटर. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, हे अंदाजपंचे काम करू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. सोबत डॉक्टर जस्ताची गोळी देतात, ती जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करायची. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. आणि उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज! जुलाबात पोराला उपाशी ठेवायचं नसतं, हे आपल्या घरात आधीपासून माहीत आहे.

चवथीला पाहुणे आणि गर्दी, मग ऑक्टोबरचा उकाडा, मग डिसेंबरमधल्या पहाटेचं धुकं. थंडी म्हणावी अशी थंडी आपल्याकडे पडत नाही. या दिवसांत दम्याची पोरं जपायची एवढंच. पावसात भिंतीवर चढलेली बुरशी नुसती झाडली की तिची धूळ घरभर होते, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून काढावी आणि त्या वेळी पोराला बाहेर पाठवावं. दप्तराला कुबट वास येत असेल तर तेही एक दिवस उन्हात टाकावं.

गोव्याचा उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटाला अचानक येतो. तेव्हा घाटाकडून कोरडा गरम वारा सुटतो आणि समुद्राचं वारं उशिरा पोचतं, त्यामुळे दुपार तापते. २०२३ मध्ये ९ आणि १० मार्चला उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे गोव्यातल्या शाळा दुपारी बारापर्यंत सोडल्या होत्या. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा तेवढा चढत नाही, पण हवा दमट झाल्याने घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणून ३४ अंशांतही खेळून आलेलं पोर लालबुंद होतं. २०२५ पासून वरच्या इयत्तांचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले, तेव्हा ही गोष्ट आता शाळांचीही आहे. पोर तहान लागली म्हणून सांगत नाही, खेळाच्या नादात विसरतं. तासाला घंटा वाजली की सगळ्यांनी दोन घोट, हा नियम आमच्या वर्गात आहे. घरी आमसुलाचं सरबत, ताक, शहाळं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. उन्हातून आलेलं पोर असंबद्ध बोलू लागलं किंवा गळून पडलं, तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ बोलवायची. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

याच दिवसांत काजूचा हंगाम. शेजारच्या सत्तरी तालुक्यात आणि आमच्या बाजूलाही सुट्टीच्या दिवशी पोरं मोठ्यांबरोबर बोंडू वेचायला जातात, आणि जानेवारी ते मे हाच माकडतापाचाही काळ. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावापासून पुढे आला. तो पसरवते गोचीड, आणि तीही मोठी नव्हे तर पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाचोळ्यात दडलेली, खसखशीएवढी तिची पिल्लं. बागेत जाताना पूर्ण बाह्या आणि पायमोज्यात खोचलेली पँट, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं प्रतिबंधक तेल. पातेऱ्यावर फतकल मारून बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, पोर न्हाणीत, आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बोट फिरवून बघायचं. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. काजूच्या दिवसांत पोराला अचानक कडक ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'बागेत गेला होता' हे आपणहून सांगायला हवं. शहरातला डॉक्टर ते विचारेलच असं नाही.

मे उजाडला की माझी दोन कामं ठरलेली असतात. फ्लूची लस जोखमीच्या पोरांना, म्हणजे दमेकरी आणि अगदी लहानांना, पावसाआधी मिळावी म्हणून त्यांच्या आयांना आठवण करते. आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यातच येतो आणि लसीचा असर व्हायला दोनेक आठवडे लागतात. पहिल्यांदाच घेणाऱ्या लहानग्याला महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये विचारलेलं बरं. दुसरं काम, शिपाईमामांना शिडी धरायला लावून मी पन्हळीत काथ्या घेऊन चढते. गेल्या वर्षी तिथे पाण्याचा थेंब नव्हता. पत्र्याच्या कडेला काळपट बारीक ठिपक्यांची ओळ होती, बोटाने निघत नव्हती.